सगळ्या गँगला बोर झालेला पिक्चर तुला आवडला, मग त्यात चुकलं कुठं?

पत्र:

ताई, मी कोल्हापूरची, वय पंधरा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलीय. आमची शाळेपासूनची सहा जणांची गँग आहे आणि सुट्टीत दर शुक्रवारी नवीन पिक्चरला जायचं असं ठरलंय. पहिला बघितला तो मोठा ॲक्शनवाला, यूए १६+ होता, सगळे वेडे झाले, मला मात्र नुसतं डोकं दुखलं आणि दोन ठिकाणी तर मी डोळेच मिटून घेतले, त्यावरनं अजून सगळे मला फट्टू म्हणून चिडवायलेत. नंतर एक मराठी बघितला. त्यात मुलगी शिकायला गाव सोडून जाते आणि त्या रात्री आई तिचा डबा घासून ठेवते, परत फळीवरनं काढते, परत घासते. ताई मी तिथं इतकी रडले की आवरेना, कारण माझी दीदी मागच्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर गेली. बाहेर आलो तर सगळे म्हणाले लय बोर, पैसे वाया, आणि मीपण म्हटलं हो ना, लय बोर. घरी आल्यावर माझाच मला राग आला. आमच्यातली एक जण मात्र काहीच बोलली नाही, नुसती मोबाईल बघत होती. पप्पा म्हणतात तुम्ही रील बघणारी पोरं, तुम्हाला सिनेमातलं काय कळतंय. मला खरंच पिक्चर कळत नाहीत का? का माझ्या गँगलाच काही कळत नाही, नुसती मारामारी बघतात? खरं सांगू का गप्प बसू? पुढच्या शुक्रवारी परत तसलाच ॲक्शनवाला ठरलाय आणि माझ्याकडं एकाच तिकिटापुरते पैसे उरलेत.

उत्तर:

अगं, पत्र मोठं होतं म्हणून इथं थोडं कापून घेतलंय, आणि पिक्चरची नावं मी मुद्दाम काढलीत, कारण नाव दिसलं की वाचणारे तुझा प्रश्न बाजूला ठेवून त्या हिरोवरनंच भांडत बसणार.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. तुला पिक्चर कळतो. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तुझ्या पत्रातच आहे ते. आई डबा घासते, ठेवते, परत फळीवरनं काढते, परत घासते, एवढं तू लिहिलंस, म्हणजे ते तू नीट बघितलंस, कुठनं काढला तेपण तुझ्या लक्षात राहिलं, आणि त्या बाईच्या तोंडी एक वाक्य नसताना तिला काय होतंय ते तुला समजलं. हाच तर सिनेमा कळणं. दिग्दर्शकानं, कॅमेरावाल्यानं, त्या काम करणाऱ्या बाईनं मिळून जे सांगायचं होतं ते आपल्या कोल्हापुरातल्या एका थेटरात बसलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीपर्यंत पोचलं की. आणि तुला ते दीदीमुळं लागलं, म्हणून ते मत कमी दर्जाचं ठरत नाही. कुणी पिक्चर बघताना स्वतःचं घर बाहेर चपलेसारखं काढून ठेवत नाही, सगळे घेऊनच आत जातात.

आता बाहेर आल्यावर तू जे बोललीस त्याबद्दल. शो सुटतो, लाईट लागतात, जिन्यावरनं खाली येईपर्यंत कुणीतरी एक जण मोठ्यानं बोलतो, भारी नाहीतर बोर, आणि बाकीच्यांना अजून स्वतःला काय वाटलं हेच ठरवायला वेळ मिळालेला नसतो, डोळे पुसायचे असतात, घशात आवंढा असतो, मग जे पहिल्यांदा कानावर पडलं त्याला हो म्हणून मोकळं व्हायचं. तुझ्या गँगमध्ये हे तुझ्या एकटीचंच होतंय असं नाही. सहा जणांतल्या पाच जणांनी बोर म्हटलं, त्यातली एक तू, आणि तू तर खोटं बोललीस, मग उरलेल्या चारात अजून कुणी नसेल कशावरनं? आणि ती एक जण जी मोबाईलमध्ये तोंड घालून गप्प बसली तिला नक्की काय वाटलं हे तुला तरी कुठं माहितीय. तू स्वतःवर रागावलीस ते मी समजू शकते पण एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही झालेलं नाही. तू कुणाचं नुकसान केलं नाहीस, कुणाला फसवलं नाहीस, तुला फक्त एकटं पडायचं नव्हतं.

ह्या उन्हाळी पिक्चरच्या बाबतीत हे जास्त होतं, त्याला कारणं आहेत आणि ती तुला माहिती असलेली बरी. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये संपतात, एप्रिल संपता संपता बाकी शाळांना सुट्टी लागते, जून अर्धा होईपर्यंत पोरं मोकळी, आणि हे निर्मात्यांना पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेत १९७५ च्या उन्हाळ्यात 'जॉज' आला, टीव्हीवर जोरदार जाहिरात करून एकाच वेळी शेकडो थेटरांत लावला, तिथनं पुढं मोठे पिक्चर उन्हाळ्यात आणायची पद्धतच पडली, आणि त्यातले बरेच आता डबिंग होऊन आपल्याकडं त्याच आठवड्यात येतात. आपल्याकडं हिंदीवाले २००८ ला आयपीएल सुरू झाल्यापासनं एप्रिल-मेमध्ये जरा बिचकतात, संध्याकाळी लोक मॅच बघत घरी बसतील म्हणून, तरीपण जे मोठं असतं ते सुट्टी बघूनच येतं.

आणि पहिल्या तीन दिवसांचा जो आरडाओरडा असतो ना, सोशल मीडियावर, ग्रुपवर, रीलमध्ये, तो काय उगीच नसतो. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात पैशाच्या वाटणीवरनं वाजलं होतं, एप्रिलपासनं जूनच्या सुरुवातीपर्यंत हिंदीतला नवीन मोठा पिक्चर मल्टिप्लेक्सला आलाच नाही, तू तेव्हा जन्मलीपण नव्हतीस. शेवटी तडजोड झाली ती अशी, की टॅक्स जाऊन जे उरतं त्यातलं पहिल्या आठवड्यात निम्मं निर्माता-वितरकाकडं, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि नंतर ३०. म्हणजे जितका उशीर होईल तितका निर्मात्याचा वाटा कमी. मग तो काय करणार, तू पहिल्याच शुक्रवारी यावंस, शनिवारी बाकीच्यांना ओढून आणावंस आणि रविवारपर्यंत सगळीकडं एकच आवाज असावा म्हणून जीव तोडून पैसा ओतणार. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, धंदा आहे त्याचा. पण तुझं मत रविवार रात्रीपर्यंत तयार झालं पाहिजे असं काही तुझ्यावर बंधन नाही गं. तुला मंगळवारी कळलं की तुला तो पिक्चर आवडला होता, तरी चालतंय.

तसंच कलेक्शनचं. तुझ्या पूर्ण पत्रात होतं की एक मित्र दिवसातनं तीन वेळा आकडे टाकतो ग्रुपवर, आज इतके कोटी झाले, उद्या इतके होणार. त्याला आवडतं तर टाकू दे, त्यात वाईट काही नाही, पण जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो बऱ्याचदा ग्रॉस असतो, जगभरातला, टॅक्ससकट, त्यातला टॅक्स काढला की नेट, आणि त्या नेटमधनं थेटरचा वाटा गेला की मग वितरकाच्या हातात पडतं ते. त्या आकड्यावरनं किती लोक आत गेले याचा थोडाफार अंदाज येतो. आत बसल्यावर त्यांना काय वाटलं ते त्यात कुठंच नसतं. तूपण त्या कलेक्शनमध्ये आहेस, तुझंपण तिकीट धरलंय त्यात, आणि तुझं तर डोकं दुखलं होतं.

तुझी गँग आत्ता पिक्चरला पेठेतल्या फुटबॉलसारखं बघायला लागलीय असं मला वाटतं. शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि दिलबहार ह्या तालमींच्या संघांची मॅच असली की आपण कुठल्या पेठेचे त्यावरनं आपली बाजू ठरते, तिथं खेळ कोण चांगला खेळलं हे नंतर, आणि फुटबॉलला ते शोभतं, त्याची मजाच ती आहे. पण पिक्चरला अशी बाजू घेतली की मग हिरो आपला म्हणून पिक्चर भारी, आणि जो नाही म्हणेल तो विरुद्ध पार्टीचा. मग बोलायला काही उरतच नाही, नुसतं कोण किती जोरात ओरडतंय तेवढंच.

तू खरी कॉर्नरला कितीदा गेली असशील, तिथं तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या जवळनं गाड्या जातात येतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. तो का आहे तिथं ते सांगते, कारण ते तुझ्या प्रश्नाला धरून आहे. तो बाबूराव पेंटरांची आठवण म्हणून आहे. त्यांनी आपल्या कोल्हापुरात स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' आणला, तो लोकांनी डोक्यावर घेतला. मग १९२५ ला त्यांनी 'सावकारी पाश' काढला, मूकपट, सावकाराच्या कर्जात एका शेतकऱ्याची जमीन कशी जाते त्याची गोष्ट, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरनं, आणि तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलेलं. लोकांना तेव्हा देवाधर्माचे चमत्कार आणि इतिहासातल्या लढाया बघायची सवय होती, आपल्याच शेजारच्या घरातलं दुःख पडद्यावर बघायला कोण पैसे देणार, तो पिक्चर काही म्हणावा तसा चालला नाही. आज भारतात खऱ्या आयुष्यावरचा सिनेमा कुठनं सुरू झाला हे सांगताना त्याचं नाव घ्यावंच लागतं. आणि पेंटरांना तो इतका आतनं पटलेला होता की १९३६ ला, बोलपट आल्यावर, त्यांनी तोच परत काढला. १९२५ ला थेटरातनं बाहेर पडताना कुणीतरी म्हटलंच असणार की काय ते रडगाणं, आणि त्याच गर्दीत एखाद्याच्या पोटात कालवलंपण असणार, घरी तसलंच कर्ज असलेल्या. तो काय बोलला असेल बाहेर आल्यावर, कुणास ठाऊक.

पण थांब, ह्यातनं असा अर्थ काढू नकोस की जे चालत नाही ते थोर आणि गर्दी खुळी. ह्याच गावात १९२९ ला 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली, त्यांनी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आणला, मराठीतला पहिला बोलपट, तो राजा हरिश्चंद्राचीच जुनी माहितीतली गोष्ट होती, आणि लोकांनी तो मनापासनं बघितला. गर्दी काही मूर्ख नसते.

म्हणून तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मला खटकलं, माझ्या गँगलाच काही कळत नाही, नुसती मारामारी बघतात. असं म्हणू नकोस. पप्पा तुझ्याबद्दल जे बोलले आणि तुला लागलं, तेच तू त्यांच्याबद्दल बोलायलीस की. अंधारात तीनशे माणसं एकदम ओरडतात, हिरो येतो, आवाज छातीत धडधडतो, शेजारचा मित्र खुर्चीतनं अर्धा उठलेला असतो, ह्यात खरा आनंद आहे आणि तो आनंद घरी मोबाईलवर मिळत नाही. मारामारी बसवणं हीपण कारागिरी आहे, ते महिनोनमहिने सराव करतात, केबलला लटकतात, एका उडीसाठी कॅमेरा कुठं ठेवायचा यावर डोकं लावतात. तुमच्यातल्या ज्या पोराला तो पिक्चर सगळ्यात जास्त आवडला त्याला नुसतं विचार की तुला त्यातली कुठली फाईट आवडली आणि का. मला खात्री आहे तो पाच मिनिटं बोलायचा थांबणार नाही आणि त्यातलं काहीतरी तुला नवीन दिसेल. तरीपण नाही आवडला तर नाही आवडला, पण मग तुला का नाही आवडला ते तुला सांगता येईल. आत्ता तू त्याच्याबद्दल मला फक्त डोकं दुखलं एवढंच लिहिलंयस. आवाजामुळं दुखलं, रक्तामुळं दुखलं, का सगळ्या बायका त्यात नुसत्या रडायला आणि हिरोनं वाचवायला ठेवल्यात म्हणून दुखलं? ते जरा शोध.

डोळे मिटून घेतलेस त्याचं. फट्टू वगैरे काही नाही हं. २०२३ ला सिनेमाचा कायदा बदलला आणि २०२४ पासनं यूएचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. यूए १६+ म्हणजे सोळाच्या खालच्या मुलांनी बघायचा का नाही ते आईवडिलांनी बघून ठरवावं, असं सेन्सॉरनंच लिहून दिलेलं असतं. तू पंधराची. म्हणजे ज्यांचं कामच पिक्चर तपासायचं आहे त्यांनाच वाटलं की तुझ्या वयाच्या मुलांना ह्यातलं काहीतरी जड जाऊ शकतं. डोळे मिटणं हे तुझं तुला नीट कळतं याचीच खूण आहे. पुढच्या वेळी कुणी चिडवलं तर हसून सरळ सांग, होय मिटले, मला तसलं बघवत नाही. एवढंच. चिडवणाऱ्याला तू ओशाळलीस की मजा येते, तू नाही ओशाळलीस की दोन दिवसात विषय संपतो. आणि घरी धाकटं कुणी असेल तर त्याला असल्या पिक्चरला घेऊन जायच्या आधी ते सर्टिफिकेट बघत जा, तिकीट बुक करताना तिथंच लिहिलेलं असतं.

पप्पांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. एखाद्या रविवारी जेवताना त्यांना विचार, पप्पा तुम्ही पंधरा वर्षांचे असताना कुठल्या टॉकीजला जायचा, कुणाबरोबर, घरी सांगून का न सांगता, आणि कुठला पिक्चर परत परत बघितला. उमा टॉकीज चौक म्हटलं तरी त्यांच्या डोळ्यासमोर काय काय येईल बघ. मग विचार की तेव्हा तुमच्या आप्पांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, तो पिक्चर कसा वाटला होता. मला वाटतं तिथं ते जरा थांबतील. प्रत्येक पिढीला हे ऐकून घ्यावं लागलंय की तुम्हाला काय कळतंय. आणि हे त्यांना टोमणा म्हणून विचारू नकोस, खरंच ऐकायचं म्हणून विचार, त्यांनापण कुणीतरी ते विचारावं असं वाटत असेल.

रीलचं ते म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, तेपण तू मान. रीलमध्ये आपण पंधरा सेकंदात पुढं सरकतो आणि त्या डब्याच्या सीनला तर आई नुसती घासत असते, कितीतरी वेळ, काही घडतच नाही. तू तिथं थांबलीस. तुझ्या गँगमधले काही जण नसतील थांबले, त्यांना सवय नाही, ती सवय होते हळूहळू. तुझ्या वयाच्या पोरांना तसलं कळत नाही असं मात्र अजिबात नाही. 'सैराट' आला तेव्हा तू पाच-सहा वर्षांची असशील, २९ एप्रिल २०१६, ऐन सुट्टीत, आणि त्यातली आर्ची, रिंकू राजगुरू, ती तेव्हा स्वतःच शाळेत जाणारी पोरगी, आणि त्या कामासाठी तिचा राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख झाला. पोरं गाण्याला खुर्च्यांवरनं उठून नाचायची आणि तीच पोरं शेवटाला अशी गप्प व्हायची की थेटरात फॅनचा आवाज यायचा. नाचणारी वेगळी आणि गप्प होणारी वेगळी अशी दोन टोळकी नव्हती. एकाच पोराला दोन्ही येतं. तुझ्या मित्रांनापण येत असणार.

आता खरं सांगायचं का गप्प बसायचं. सांग, पण सगळ्यांना गोळा करून मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय असलं काही करू नकोस, तसं केलं की ते तुझ्या खोटं बोलण्यावर येतं आणि पिक्चर राहतो बाजूला. आधी त्या गप्प बसलेल्या मैत्रिणीपासनं सुरुवात कर. ती आणि तू दोघीच असाल तेव्हा, रंकाळ्यावर फिरायला गेलात, नाहीतर सायकलवरनं घरी येताना, तिला म्हण की मला तो डब्याचा सीन अजून आठवतोय. तुला आवडला का असं विचारू नकोस, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं आणि ते द्यायला माणूस घाबरतं. तू फक्त तो सीन काढ. तिला काही वाटलं असेल तर ती बोलेल. नसेल वाटलं तर ती म्हणेल अगं मी घरी भांडण झालेलं म्हणून गप्प होते, तेपण चालेल, निदान मैत्रिणीच्या घरी काय झालंय ते तरी तुला कळेल.

गँगमध्येपण तसंच. बोर का भारी ह्यावर वाद घालत बसलीस तर पाच विरुद्ध एक होणार आणि तू हरणार, मत चुकीचं म्हणून नाही, आवाज कमी म्हणून. पण तू एकच सीन सांगितलास, आणि तो तुला दीदीमुळं लागला हे सांगितलंस, तर त्याला कोण काय बोलणार? दीदीची आठवण येते ह्याच्यावर कुणी बोर म्हणत नाही. एखादा म्हणालाच की मग त्या दिवशी तूपण बोर म्हटलेलीस की, तर होय म्हण, म्हटलेलं, तुम्ही सगळे म्हणालात म्हणून म्हटलं. इतकं साधं. त्याच्यापुढं सफाई देत बसू नकोस. मैत्री चांगली असली तर त्या दिवसापास्नं तुमच्या गप्पा जरा बदलतील, आणि कुणी त्यावर आठवडाभर खेचत राहिलाच तर त्याच्याशी पिक्चरवर बोलायचं नाही, बाकी मैत्री आहे तशी.

आणि एक वही कर. इन्स्टावर रिव्ह्यूचं पेज काढू का असं तू पूर्ण पत्रात शेवटी विचारलंयस, मी म्हणेन आत्ता नको, आधी हा उन्हाळा वहीत लिही. पिक्चर बघून घरी आलीस की फोन हातात घ्यायच्या आधी, कुणाचं काही वाचायच्या आधी, लक्षात राहिलेलं एक काहीतरी लिहून काढ, सीन, आवाज, कपडे, कुणाचं तरी तोंड, काहीपण. स्टार देऊ नकोस, दहापैकी किती तेपण नको. जे आवडलं नाही त्याचंपण लिही, नेमकं कुठं कंटाळा आला ते, कारण कुठं कंटाळलो हे नीट सांगता येणं फार कमी लोकांना जमतं. जूनपर्यंत तुझी तुलाच गंमत वाटेल की आपल्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही. मग अकरावीचं ॲडमिशन झाल्यावर काढ पेज खुशाल, तेव्हा कमेंटमध्ये कुणी काही बोललं तरी तू हलणार नाहीस, कारण काय बोलायचं ते तू आधीच लिहिलेलं असेल.

राहिला पुढचा शुक्रवार. एकाच तिकिटाचे पैसे आहेत आणि ठरलेला पिक्चर परत तसलाच आहे, तर जाऊ नकोस. पण पैसे नाहीत हे कारण सांगू नकोस, कुणीतरी चांगल्या मनाचं म्हणेल मी भरतो आणि मग तुला नाही म्हणता येणार नाही. सरळ म्हण, मला हा बघायचा नाहीये, तुम्ही जाऊन या. आणि पुढच्या वेळेपासनं कुठला बघायचा हे प्रत्येक वेळी एकानं ठरवायचं असं सुचव, चिठ्ठ्या टाका, ज्याचं नाव येईल त्याचा पिक्चर आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता जायचं, तुलापण. तुमच्यातल्या कुणाला काय आवडतं हे त्यातनं आपोआप कळेल.

आणि ते वाचलेले पैसे आहेत ना, ते घेऊन आईला म्हण की तू स्वतःचं तिकीट काढ, माझ्याबरोबर तो मराठी पिक्चर बघायला चल. पण ह्याच आठवड्यात जा. लहान मराठी पिक्चरला आधीच एक-दोन शो मिळतात, तेपण अडनिड्या वेळेला, आणि दुसरा शुक्रवार आला की नवीन येणाऱ्यासाठी तेही काढतात, मग लोक म्हणतात आम्हाला कळलंच नाही कधी आला. सकाळचा असला तर बरंच, सकाळी तिकीट स्वस्त असतं. काय बघायचंय, डब्याचं काय आहे, हे तिला आधी काही सांगू नकोस, तिचं तिला बघू दे, आणि बाहेर आल्यावर लगेच कसा वाटला म्हणून विचारूपण नकोस. आणि शुक्रवारी गँगचा शो संध्याकाळी सुटला की खासबागेला भेळ खायला जा त्यांच्यात, ते त्यांच्या फाईटचं सांगतील ते ऐक, आणि मग तुझं सांग.

— तुझी ताई